मालक कोण?

चिठ्ठी सुतळीने हँडलला बांधलेली होती. वहीतलं फाडलेलं पान, त्यावर निळ्या मार्करने ठसठशीत अक्षरात : ‘या सायकलचे मालक कोण? आठ दिवसांत कळवावे. नंतर तक्रार चालणार नाही.’ खाली सोसायटीचा गोल शिक्का, तोही तिरका. श्रावण अर्धा सरला होता. आमच्या माहीमच्या इमारतीत गणपती बसतात ते तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, म्हणजे जिन्याखाली माझी सायकल उभी असते तिथून दोन हातांवर. त्यामुळे दरवर्षी या सुमारास जिन्याखालची साफसफाई निघते. फुटक्या कुंड्या, कुणाच्या तरी मुलाचा पाळणा, टीव्हीचं रिकामं खोकं, अशा सगळ्या मंडळींना चिठ्ठ्या लागल्या होत्या. त्यांच्या पंक्तीत माझी निळी ट्रेक सायकलही बसली होती.

चिठ्ठी सोडवून मी पर्समध्ये टाकली आणि कदाचित विसरूनही गेले असते. पण संध्याकाळी आम्ही दोघं भाजी घेऊन जिना चढत होतो तेव्हा सेक्रेटरी समोरून उतरले. थांबले आणि नवऱ्याला म्हणाले, ‘‘साहेब, ती निळी सायकल तुमची का हो?’’ नवरा म्हणाला, ‘‘माझी? छे, हिची आहे.’’ सेक्रेटरी हसले. वाईट नाही, चांगलंच हसले. ‘‘वहिनींची होय? बरं बरं. पण चालवतं कोण?’’ मी म्हटलं, ‘‘मीच.’’ त्यावर ते जरा ओशाळल्यासारखे झाले. म्हणाले, ‘‘नाही, चाकात कोळ्याने जाळं केलंय ना, म्हणून विचारलं.’’

जाळं खरंच होतं. रात्री खाली जाऊन पाहिलं.

मागच्या चाकाच्या तारांमध्ये ताणून बसवलेलं, एकही धागा न तुटलेलं, व्यवस्थित जाळं. म्हणजे जूनपासून ते चाक एकदाही फिरलं नव्हतं याचा लेखी पुरावाच. त्यामुळे माझी पंचाईत अशी की अर्धा राग सेक्रेटरींवर आणि अर्धा स्वतःवर, आणि दोन्ही अर्धे एकमेकांत मिसळेनात. त्या रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात तो ‘मालक’ शब्दच फिरत राहिला. माझी आजी आजोबांना ‘मालक’ म्हणायची. ‘मालक जेवले की बसते मी.’ मालकीण कोण, तर भांडी घासणारी बाई जिच्या नावाने हाक मारते ती, किंवा भाडं मागायला येते ती घरमालकीण. सायकलची मालकीण असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. चिठ्ठीचा मजकूर लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. त्याला भाषेने जे हातात दिलं ते त्याने लिहिलं.

ती सायकल मी २००९ साली घेतली. ट्रेक ४३००, २६ इंची चाकं, मागे आठ आणि पुढे तीन गिअर. तेव्हा मी बँकेत नवी होते आणि शनिवार-रविवार डोंगरात असायचे. राजमाची, लोहगड, पेब, कुठेही. दुकानात काचेआड ती उभी होती आणि तिच्या नळीवर मोठ्या अक्षरात ‘ट्रेक’ लिहिलेलं होतं. हसू नका, पण निम्मी सायकल मी त्या शब्दासाठी घेतली. आईला तर कित्येक दिवस वाटत होतं की ही ट्रेकला न्यायची सायकल आहे. ‘राजमाचीला जिना असतो का गं, ही वर कशी चढवणार?’ उरलेली निम्मी घेतली ती वेल्डिंगसाठी. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे शेवग्याच्या शेंगेवर असतात तशा बारीक, एकसारख्या वळ्या होत्या. मी दुकानात गुडघ्यावर बसून त्यावरून बोट फिरवलं. दुकानदार नवऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या नवऱ्याला, किमतीचं सांगत होता. पैसे माझे होते. हे आत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

पुढे घरात आणखी दोन ट्रेक आल्या. एक जुनी ८२०, लोखंडी फ्रेमची. अंधेरीतला एक मुलगा कॅनडाला निघाला होता, त्याच्याकडून घेतली. दुसरी मार्लिन, २९ इंची चाकांची, चाळिशी झाली तेव्हा स्वतःला दिलेली. दोन खोल्यांच्या घरात तीन सायकली म्हणजे काय हे ज्याच्या घरी आहेत त्यालाच कळेल. मार्लिन बाहेरच्या खोलीत सोफ्यामागे, ८२० गॅलरीच्या ग्रिलला उलटी टांगलेली (पाहुणे आधी वटवाघूळ पाहिल्यासारखे पाहतात आणि मग विषय बदलतात), आणि ४३०० खाली, जिन्याखाली. सगळ्यात पहिली आली आणि सगळ्यात खालची जागा मिळाली. घरोघरी तेच.

आता माहीममध्ये सायकल ठेवायची म्हणजे समुद्राशी वैर घ्यायचं. आमच्या घरापासून खाडी चालत पाच मिनिटांवर. खिडकीच्या गजांना हात लावला तरी खारट, चिकट काहीतरी बोटांना येतं. लोखंड गंजतं ते निदान उघडपणे, लालभडक होऊन सांगतं तरी. अ‍ॅल्युमिनियम आतल्या गाठीचं. त्याच्यावर तुरटीसारखी पांढरी पूड धरते, रंगाच्या खालून फोड येतात, आणि बाहेरून सगळं आलबेल. सगळ्यात वाईट म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटून बसले की. ८२०च्या आधीच्या मालकाने तिला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बसवला होता आणि बसवताना ग्रीसचं बोटही लावलं नव्हतं. लोखंडी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि दोघांमध्ये खारं पाणी, म्हणजे झाली छोटी बॅटरी तयार. त्यात खपतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, त्यामुळे फुगते आणि दांडा आत असा आवळला जातो की जणू दोन्ही एकच. मी चार दिवस रोज रात्री भेगेत तेल सोडलं. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या चाचांनी सीट काढून दांड्याचं डोकं बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलं आणि अख्खी फ्रेमच स्टिअरिंगसारखी फिरवायला लावली. एका बाजूला मी, एका बाजूला त्यांचा पोऱ्या. जो आवाज झाला तो अजून कानात आहे. दात उपटताना कवटीच्या आतून येतो तसा.

चाचांचं दुकान म्हणजे फुटपाथवरची एक पेटी, पाण्याची घमेली आणि झाडाला टांगलेल्या टायरी. पंक्चर काढणं, आऊट काढणं म्हणजे वाकडं चाक सरळ करणं, साध्या सायकली. गिअरच्या सायकलींना ते ‘नखरेवाली’ म्हणतात. पहिली दोन वर्षं मी सायकल घेऊन गेले की ते माझ्या खांद्यावरून मागे पाहायचे, कुणी पुरुष माणूस येतोय का. मग एकदा मी तिथेच बसून डावं पायडल काढलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने फिरवलं तर ते सुटण्याऐवजी आणखी आवळतं. आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने एकदा त्याला असं काही आवळून ठेवलं होतं की पाना वाकला. मी उलट्या दिशेने झटका दिला आणि ते सुटलं. चाचा काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळेपासून खांद्यावरून मागे पाहणं बंद झालं, आणि हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडायला त्यांनीच शिकवलं. ‘‘छर्रा गिना?’’ हा त्यांचा एकच प्रश्न. छर्रे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या. उघडताना किती निघाले ते मोजल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही.

तर त्या जाळ्याच्या रात्रीनंतरच्या रविवारी मी ४३०० वर आणली. तीन मजले, खांद्यावर. स्वयंपाकघरात जुन्या पेपरवर मागचं चाक ठेवलं. कोळ्याला आधी कागदावर घेऊन गॅलरीतल्या तुळशीत सोडला. माझी हत्यारं स्वयंपाकघरातच असतात, आणि सुटे भाग ठेवायला सासूबाईंचा जुना मिसळणाचा डबा आहे. सात वाट्यांचा पितळी डबा, झाकण बसेनासं झालं म्हणून त्या भंगारात देणार होत्या. जिथे मोहरी होती तिथे आता पाव इंची छर्रे, जिऱ्याच्या जागी पुढच्या चाकाचे बारीक छर्रे, हळदीच्या वाटीत वॉशर. त्या वाटीचा पिवळा डाग अजून गेलेला नाही, आणि घासून काढावा असं वाटतही नाही.

कोन म्हणजे छर्ऱ्यांना जागेवर दाबून धरणारं शंकूच्या आकाराचं नट. त्याचा पातळ पाना लावून लॉकनट सोडलं, कोन फिरवला आणि आस बाहेर ओढला. आतून जे आलं त्याला ग्रीस म्हणवेना. चहाच्या साईसारखं, दुधट तपकिरी, मधे पाण्याचे थेंब अडकलेले. तीन महिने उभ्या असलेल्या सायकलच्या हबमध्ये पाणी कुठून गेलं असेल? पॅसेजमध्ये वाछट येते, लादीला ओल असते, आणि जूनच्या पहिल्या पावसात मी एकदा हौसेने वरळीपर्यंत जाऊन आले होते. तेवढ्यावर झालं. छर्रे एकेक करून टाचणीने काढले आणि बनियनच्या चिंधीवर मांडले. एका बाजूचे नऊ, दुसऱ्या बाजूचे नऊ. पूर्वी हे रॉकेलमध्ये धुवायचे, आता मुंबईत रॉकेल औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेल. धुऊन झाल्यावर एकेक छर्रा नखांत धरून दिव्याकडे करून पाहायचा. चांगला असेल तर त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं, ट्यूबलाइट, मिक्सर, आपलं मोठं नाक. खराब असेल तर त्या प्रतिबिंबावर एक खरखरीत डाग पडतो. चार छर्रे डागाळलेले निघाले. मी अठराच्या अठरा बदलले. नागदेवी स्ट्रीटवरून एकदा आणलेलं पाकीट आहे, ते या जन्मात संपायचं नाही.

हे काम करताना मला दर वेळी कॅलिफोर्नियातली ती पोरं आठवतात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर ती शर्यतीला उतरली. तीनेक किलोमीटरचा रस्ता आणि उतार जवळजवळ चारशे मीटरचा. सायकली म्हणजे तीस-चाळीस सालातल्या, भंगारातून उचललेल्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या हबच्या पोटातच, पायडल उलटं मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस ठासून भरावं लागायचं. पुन्हा भरणं, म्हणजे रीपॅक. त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशर तिथून ४ मिनिटं २२ सेकंदांत खाली आला, तोच तिथला विक्रम. त्याच साली दीड-दोन हजार मैलांवर विस्कॉन्सिनमधल्या वॉटर्लू गावी एका लाल रंगाच्या गोठ्यात पाच माणसांनी हाताने फ्रेम जोडायला सुरुवात केली. ती ट्रेक. पुढे १९९३ मध्ये ट्रेकने याच फिशरची सायकल कंपनीच घेतली, आणि माझी मार्लिन हे मुळात फिशरचं मॉडेल. म्हणजे माझ्या सोफ्यामागे त्या उताराची पणती उभी आहे. आणि मी? त्यांचं ग्रीस चार मिनिटांत जळायचं. माझं एकाही डोंगराचं तोंड न बघता, जिन्याखाली उभ्या उभ्या, दमट हवेनेच कुजलं.

त्या शर्यतींचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघत असते. धूळ, जीन्स, दाढ्या, झिंज्या. ते काढणारी वेंडी क्रॅग स्वतःही तो उतार उतरायची. पण कॅमेरा तिच्याच हातात, त्यामुळे फोटोंत दिसतात ते बहुतेक बाप्ये.

पाण्याला दाद न देणारं निळं ग्रीस मी ससून डॉकबाहेरच्या एका दुकानातून आणते, बोटींच्या सामानाचं दुकान आहे ते. ते हबच्या वाटीत बोटाने थापायचं, त्यात छर्रे मोदकाच्या कळ्यांसारखे एकाशेजारी एक बसवायचे. नऊ बसले तरी एकाची जागा रिकामी दिसते. ती भरायची नाही, तेवढी मोकळीक लागतेच. मग कोन हाताने आवळायचा, किंचित मागे घ्यायचा, लॉकनट लावायचं आणि आस दोन बोटांत फिरवून बघायचा. सैल असेल तर चाक डुगडुगतं, जास्त आवळला तर वाळूवरून फिरल्यासारखा खरखरतो. या दोहोंच्या मधली जागा पानाला कळत नाही, बोटांना कळते. सहाव्या खेपेला जमलं. मग साखर आणि खोबरेल तेल चोळून हात धुतले. तरी नखांच्या कडा काळ्या राहतातच. मंगळागौरीला एका बाईंनी माझ्या हातात फुलपात्र देताना त्या नखांकडे पाहून विचारलं होतं, ‘‘मेंदी काढली होतीस का?’’ मी हो म्हणून टाकलं.

सायकल चालवत नाही असं नाही हो. हिवाळ्यात पहाटे वर्सोव्याच्या जेट्टीवरून सायकलसकट बोटीत बसून मढला उतरते. उतरल्या उतरल्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, मग एरंगळ, आक्सा, मार्वेची बोट, मनोरी, गोराई, उत्तन. येऊरचा चढ वर्षातून तीन-चारदा होतो. उतरताना ब्रेकच्या रबराचा जळका वास येतो आणि तेवढ्या वेळापुरतं वाटतं की आपणही रीपॅकवालेच. पण खरं सांगायचं तर एका तासाच्या चालवण्यामागे माझे दोन तास पुसण्यात जातात. मैत्रीण म्हणते, ही हौस नव्हे, हे सोवळं आहे. डोंगरासाठी बनवलेल्या गाडीवरून मी शिवाजी पार्कपर्यंत जाऊन कोथिंबीर आणलेली आहे. लाज वाटली, पण त्या जाड टायरांना माहीमच्या पेव्हर ब्लॉकपेक्षा चांगलं काम कुठलं मिळणार होतं हेही खरंच. शिवाय आता २६ इंची टायर शोधायला गेलं की दुकानातली पोरं ‘‘मॅडम, अब वो नहीं आता’’ म्हणतात. सगळ्या जगाची चाकं मोठी झाली, आणि ती मोठी करण्यात फिशरचाच मोठा हात. ज्याच्यामुळे माझी तिसरी सायकल आली त्याच्यामुळेच पहिली म्हातारी झाली. दोन टायर मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेत. साड्यांना रबराचा वास येतो.

चिठ्ठीचं उत्तर मी दिलं. ऑफिसात जाऊन वहीत लिहिलं, फ्लॅट नंबर, माझं पूर्ण नाव. चार दिवसांनी वॉचमनने नवा स्टिकर आणून दिला, त्यावर छापलं होतं ‘श्री.’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. नवऱ्याने तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मी काही केलेलं नाही.’’ स्टिकर सायकलला लावला. न लावावा तर पुन्हा चिठ्ठी.

गणपतीच्या दिवसांत ४३०० वरच होती, दारामागे. आमच्याकडचा बाप्पा पाच दिवसांचा. विसर्जनाच्या सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, कुर्त्याच्या बाह्या वर केलेल्या, तळहात काळे. ‘‘साहेब आहेत का?’’ साहेब अंघोळीला गेले होते. ‘‘नाही म्हणजे, ट्रॉलीचं पुढचं चाक फिरत नाहीये. मूर्ती ठेवल्यावर ढकलणार कशी? साहेबांकडे पाने वगैरे असतात ना.’’ मी मिसळणाचा डबा, पाने आणि ग्रीसचा डबा घेऊन खाली गेले.

वर्षभर गच्चीवर पडलेली लोखंडी ट्रॉली. चाकाच्या आसाभोवती गेल्या वर्षीची वाळू, खरोखरची, रेतीबंदरची, सिमेंटसारखी धरलेली. समुद्रातून आणून कुणी धुतलीच नव्हती. मी पॅसेजच्या लादीवर फतकल मारून बसले. चारही चाकं काढली. ढोलवाली पोरं भोवती जमली, कुणी तरी ताशा थांबवला. छर्रे इतके गंजलेले की काही नुसत्या बोटाने फुटले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीत बसून म्हणाल्या, ‘‘काय शोधत्येय गं ही?’’ पाव इंचीच होते, नशीब. मोहरीच्या वाटीतले पस्तीस गेले.

संध्याकाळी बाप्पा निघाले. ट्रॉली इतकी सुळसुळीत चालली की उतारावर दोघांना मागून धरावी लागली. मी एकदाच ‘मोरया’ ओरडले आणि बाकी वेळ चाकांचा आवाज ऐकत होते. ताशात कसला ऐकू येतोय, तरी. रेतीबंदरला ती ओल्या वाळूत एवढीशी रुतली, एक लाट चाकांवरून गेली, आणि मी मनातल्या मनात ते निळं ग्रीस किती पाणी सोसेल याचा हिशोब केला.

परत आलो तेव्हा साडेदहा झाले होते. सगळे वाटली डाळ आणि पेढे घेऊन पांगले. रिकामी ट्रॉली पाटासकट पॅसेजमध्ये उभी, खालून पाणी ठिबकत होतं. मी नळाखालची बादली भरली आणि पहिल्या चाकावर ओतली. वाळू निघाली, थोडी. सेक्रेटरी लाइट बंद करायला आले, थांबले. ‘‘वहिनी, उद्या करेल वॉचमन.’’

‘‘मीठ बसतं,’’ मी म्हटलं.

ते मान डोलावून निघाले. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून वळून म्हणाले, ‘‘साहेबांना सांगा बरं का, गाडी मस्त चालली!’’

मी दुसरी बादली नळाखाली लावली.